संत्र्याच्या कलमांची नर्सरी: वेबसाईट कशावर बनवावी म्हणजे गूगलवर दिसन?

कलमवाला_वरुड:
रामराम मंडळी. वरुड तालुक्यात शेंदुरजना घाटच्या बाजूनं आमची संत्र्याची नर्सरी हाय, जंबेरी आन रंगपूर लाईम या दोन्ही खुंटावरची, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधते त्यावरची, कलमं करतो. आधी गिऱ्हाईक तोंडातोंडी येत होतं, आता पांढुर्णा, सौंसर, मुलताईकडचा कास्तकारबी निघायच्या आधी मोबाईलवर पाह्यते आन मंगच फोन लावते. गूगलच्या बिझनेस प्रोफाईलसंगं, म्हणजे नकाशावर धंद्याची माहिती दिसते त्यासंगं, एक फुकटची छोटी वेबसाईट भेटत होती, ते गूगलनं मार्च २०२४ मधी सगळ्याईचीच बंद केली, जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर गेलं का प्रोफाईल उघडत होती, मंग तेही बंद. आता साईट बनवायसाठी तिघं तीन गोष्टी सांगून रायले. भाचा म्हणते वर्डप्रेस, अमरावतीचा डिझायनर म्हणते विक्स, आन बाजारातला डीटीपीवाला पोट्टा म्हणते ब्लॉगर घ्या, ते गूगलचंच हाय त गूगल घरच्याले वर ठेवते. मले एवढंच सांगा का साईट कशावर बनवली याचा गूगलमधी वर-खाली होण्याशी खरंच काही संबंध हाय का, आन असन त काहून. मृगाच्या आधी चालू करायची हाय, त्याच टायमाले कलमांची विचारणा सुरू होते.

काळी_माती_यवतमाळ:
आधी ब्लॉगरचं सांगतो कारण हे मी गावोगावी ऐकतो. ब्लॉगर गूगलचं आहे, २००३ साली विकत घेतलं त्यांनी, हे खरं. पण म्हणून ब्लॉगरवरच्या पानाला सर्चमध्ये जास्तीचा एक मार्क मिळत नाही. वर्डप्रेसलाही मिळत नाही, विक्सलाही नाही. पान कोणत्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनं बनलं याचे गूगलकडे मार्कच नाहीत.

पण संबंध नाही असंही नाही, तो आडून आहे. गूगलचा बॉट, म्हणजे पानं आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम, पानावर येतो, त्यातलं एचटीएमएल म्हणजे पानाचा मूळ कोड वाचतो, जावास्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड असेल तर नंतर ते चालवून पाहतो, आणि मग पान साठवायचं की नाही ते ठरवतो. आता बॉटच्या हातात मजकूर थेट पडतो की जावास्क्रिप्ट चालल्यावरच दिसतो, पान किती वेळात येतं, पत्ता कसा बनतो, शीर्षक तुम्हाला बदलता येतं का, जुना पत्ता नव्यावर वळवता येतो का, साईटमॅप (साईटच्या पानांची यादी) आपोआप बनतो का, हे सगळं प्लॅटफॉर्म ठरवतो. म्हणजे काय दुरुस्त करायची तुम्हाला मुभा आहे आणि काय नाही, एवढाच प्रश्न आहे. तीन गोष्टी सांगणाऱ्या तिघांपैकी कोणी याबद्दल बोललं का ते विचारा.

विक्सचं नाव का खराब झालं तेही सांगतो, कारण कोणीतरी येऊन म्हणणारच की विक्स गूगलवर चालत नाही. सुरुवातीला विक्सच्या साईटी फ्लॅश या जुन्या तंत्रात बनायच्या, २०१२ ला एचटीएमएल ५ वर आल्या तरी पानांच्या पत्त्यात हॅश आणि उद्गारचिन्ह असायचं आणि मजकूर जावास्क्रिप्टनं भरला जायचा. असे पत्ते वाचायची गूगलची एक वेगळी पद्धत होती, ती पद्धत गूगलनंच ऑक्टोबर २०१५ मध्ये मोडीत काढली. त्या काळात ज्यांच्या साईटी विक्सवर होत्या त्यांनी खरंच त्रास काढला. पण आता ते राहिलं नाही, विक्स पान सर्व्हरवरच तयार करून पाठवतं, पत्ते साधे असतात, शीर्षक, वर्णन, रोबोट्सची फाईल (बॉटनं काय वाचायचं ते सांगणारी), रीडायरेक्ट (जुना पत्ता नव्यावर वळवणं) सगळं हाती आहे. दहा वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर आजचा निर्णय घेऊ नका.

संत्रानगरी_डिजिटल:
मी नागपूरला हेच काम करतो. सरळ सांगतो, वर्डप्रेसच. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईटी वर्डप्रेसवर आहेत, उगाच नाही. योस्ट नाहीतर रँक मॅथ हे एसईओचं, म्हणजे गूगलवर वर यायच्या कामाचं, प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) टाका, प्रत्येक पानाला हिरवा दिवा आणा, कीवर्ड भरा, विषय संपला. बाकीच्यांमध्ये एवढा कंट्रोल नाही.

काळी_माती_यवतमाळ:
कंट्रोलबद्दल तुमचं बरोबर, तिथं वर्डप्रेसच्या जवळपास कोणी नाही. पण हिरवा दिवा हा त्या प्लगिनचा स्वतःचा हिशोब आहे, गूगलला तो दिसतही नाही. आणि कीवर्ड भरा म्हणजे मेटा कीवर्डचा, म्हणजे पानाच्या कोडमधला शोधशब्दांचा रकाना म्हणत असाल तर गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय की क्रमवारीसाठी आम्ही तो वापरत नाही. गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेऊ नये हे मला मनापासून वाटतं, आपल्याकडचा कास्तकार आणि बचत गटवाल्या बाया पदरचे पैसे मोडून साईट बनवतात.

चिखलदरा_होमस्टे:
फुकटच्या सबडोमेनपासून दूर राहा एवढं माझं ऐका. आमच्या नात्यातल्या एकाच्या होमस्टेची साईट वेबसाईट बनवून देणाऱ्या एका साईट-बिल्डरवर होती, नाव घेत नाही, फुकटचा प्लॅन, पत्त्यात त्या कंपनीचं नाव, वर त्यांच्या जाहिरातीची पट्टी. धंदा चालायला लागला तेव्हा स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा पत्ता) घेऊन दुसरीकडे जायचं ठरलं, तर पानं तिथून उचलून नेता येईनात, सगळं हातानं कॉपी करावं लागलं, आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवायची सोय फुकटच्या प्लॅनमध्ये नव्हतीच. जुना पत्ता कितीतरी महिने गूगलवर वर आणि नवा खाली, जुन्यावर बंद पडलेला फोन नंबर. पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी असते तेव्हा पाहुणे त्या नंबरवर फोन लावत बसले आणि बुकिंग दुसरीकडे गेलं. कंपनीच्या लोकांना मेल केला तर पेड प्लॅन घ्या एवढंच उत्तर.

काळी_माती_यवतमाळ:
हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं उदाहरण आहे. डोमेन तुमचं असलं तर उद्या वर्डप्रेस सोडून विक्सवर गेलात किंवा उलट केलंत तरी पत्ता तोच राहतो, आतल्या पानांचे पत्ते बदलले तर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळवणं) लावता येतो, आणि त्या पानानं कमावलेली जागा बरीचशी टिकते. डोमेन दुसऱ्याचं असेल तर कमावलेलं सगळं त्याच्या नावावर. म्हणून प्लॅटफॉर्मच्या आधी डोमेन.

धानाचा_कोठार_भंडारा:
होजी, मी ब्लॉगरवाला. धानाच्या वाणांबद्दल लिहितो, स्वतःचं डोमेन जोडलेलं आहे, वर्षाचे फक्त डोमेनचे पैसे लागतात. होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) नाही, अपडेट नाही, हॅक होण्याची कटकट नाही, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आपोआप, साईटमॅप आपोआप. एक साधी थीम (साईटचा साचा) ठेवली तर पान पटकन उघडते, आमच्याकडं रेंज कमी असली तरी. छोट्या माणसाले याच्यापेक्षा काय पाहिजे?

पण मराठीत लिहिणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तुमी पोस्टचं शीर्षक मराठीत टाकलं का ब्लॉगरले त्याचा पत्ता बनवता येत नाही, मग तो नुसतं ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल असं नाव देते, दुसऱ्या पोस्टले त्याच्याच पुढं आकडे लावते. साऱ्या पोस्टींचे पत्ते एकसारखे, पाहून कायची पोस्ट आहे ते समजत नाही. उजव्या बाजूले पर्मालिंकचा रकाना आहे तिथं कस्टम निवडून रोमन अक्षरात आपल्या हातानं पत्ता लिहायचा, तोही पब्लिश करायच्या आधीच, नंतर थेट बदलता येत नाही. आणि पोस्टच्या पत्त्यात वर्ष आणि महिना राहतेच, ते काढता येत नाही.

कलमवाला_वरुड:
मंग वर्डप्रेसमधी मराठी पत्ता चालते का? आन गूगलले समजते का?

काळी_माती_यवतमाळ:
गूगलला देवनागरी पत्ता व्यवस्थित वाचता येतो, आणि पत्त्यातल्या शब्दांना वजन तसंही थोडंच असतं. अडचण वेगळी आहे. वर्डप्रेस देवनागरी शीर्षकाचा पत्ता आपोआप बनवतो पण आतमध्ये तो टक्क्याच्या खुणांच्या रूपात साठवला जातो, एका अक्षराला किंवा एका मात्रेला नऊ खुणा लागतात, आणि मर्यादा २०० खुणांची आहे. म्हणजे बावीसेक अक्षरं-मात्रा झाल्या की पत्ता तिथंच तुटतो. "संत्र्याची कलमे लावताना कोणता खुंट निवडावा" असं शीर्षक दिलं तर अर्ध्यातच पत्ता संपेल. वर व्हॉट्सअपवर ती लिंक टाकली की लांबच लांब टक्के आणि आकडे दिसतात, आपल्याकडं अशी लिंक पाहून लोक घाबरतात, दाबत नाहीत. म्हणून पत्ता रोमनमध्ये छोटा ठेवा आणि शीर्षक, मथळे, मजकूर सगळं मराठीत ठेवा. ब्लॉगर असो वर्डप्रेस असो.

मोर्शी_नेटवाला:
स्पीडचं कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, लोक साईटी दाखवायला आणतात. गूगल ज्याला कोअर वेब व्हायटल्स म्हणते त्यात तीन आकडे आहेत, पानावरची मुख्य गोष्ट २.५ सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पानानं प्रतिसाद दिला पाहिजे, आणि वाचता वाचता मजकूर उड्या मारायला नको, त्याचा आकडा ०.१ च्या आत. मधला आकडा मार्च २०२४ पासून नवीन आला, आधी त्याच्या जागी वेगळा होता. हे आकडे गूगल खऱ्या लोकांच्या क्रोमवरून घेते, म्हणजे पुण्यातल्या फायबरवर बसून टेस्ट केली आणि ९५ मार्क आले त्याला अर्थ नाही, आपला माणूस वावरात उभा राहून दोन दांड्यांच्या रेंजवर, तीन-चार वर्षं जुन्या फोनवर उघडते.

आणि इथं वर्डप्रेसवाले मार खातात. वर्डप्रेस स्वतः हळू नाही, पण आपल्याकडचे डिझायनर स्वस्तातलं होस्टिंग घेतात, त्यावर भारी थीम, पेज बिल्डर (पान मांडायचं जड प्लगिन), वर फिरणारा स्लायडर, खाली उडी मारणारं व्हॉट्सअपचं बटन, चॅटचा डबा, आणि मोबाईलवरून काढलेला ५-६ एमबीचा फोटो जसाच्या तसा. मग पांढरं पान दिसत राहते, माणूस मागं जाते. तेच विक्समध्ये होस्टिंग त्यांचं असल्यानं सर्व्हरचा खेळखंडोबा नसतो पण तिथंही अ‍ॅनिमेशन भरली का जड होतेच. ब्लॉगर साध्या थीमवर हलकं.

फोटो आधी छोटे करा, वेबपी या हलक्या प्रकारात करा, वर्डप्रेस ५.८ पासून म्हणजे २०२१ पासून वेबपी घेते. खालचे फोटो उशिरा लोड करणं आणि साईटमॅप हे दोन्ही ५.५ पासून आतच आहे, त्यासाठी प्लगिन टाकायची गरज नाही.

काळी_माती_यवतमाळ:
सहमत, फक्त एक पुरवणी. स्पीडमुळे मजकूर नसलेलं पान वर येत नाही. मजकूर सारखाच चांगला असेल तेव्हा स्पीड कामाला येतो. आणि छोट्या साईटला भेटी एवढ्या कमी असतात की गूगलकडे तिचे खऱ्या लोकांचे आकडेच जमत नाहीत, सर्च कन्सोल या साईटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पुरेसा डेटा नाही असं दिसलं तर घाबरू नका.

देवनागरी फॉन्टचंही पाहा. आपली अक्षरं, जोडाक्षरं जास्त म्हणून फॉन्टची फाईल इंग्रजीपेक्षा जड. चार जाडीचे चार फॉन्ट लावू नका, मुक्ता किंवा नोटो यातला एक, साधा आणि ठळक, बस. नाहीतर फोनमधला जो फॉन्ट आहे तोच वापरा, तो तर लोडच करावा लागत नाही.

वायगाव_हळद:
आमच्या इकडं समुद्रपूर तालुक्यात वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यानंतर हळद विकणाऱ्या बायांच्या एका गटाची साईट बनली, वर्डप्रेसवरच. दिसायला सुंदर. वर्ष होत आलं तरी गूगलवर काहीच नाही, अगदी गटाचं पूर्ण नाव टाकलं तरी नाही. डिझायनर म्हणे एसईओचे वेगळे पैसे द्या. आम्ही दोघातिघांनी बसून डॅशबोर्ड उघडला. सेटिंगमध्ये रीडिंगचं पान आहे, त्यात सगळ्यात खाली एक चौकोन असते, सर्च इंजिनांना ही साईट इंडेक्स करण्यापासून (साठ्यात घेण्यापासून) परावृत्त करा. त्यात टिक होती! साईट बनवताना अर्धवट पानं गूगलवर जाऊ नये म्हणून टाकलेली, काम झाल्यावर काढलीच नाही. टिक काढली, सर्च कन्सोलमध्ये मुख्य पानाचा पत्ता टाकून इंडेक्सची विनंती केली, मग काही दिवसांतच नाव दिसायला लागलं. त्या बायांनी गावोगाव फिरून हळद विकली एवढे महिने, आणि अडलं होतं एका टिकेवर. साईट दिसत नसेल तर प्लॅटफॉर्म बदलायच्या आधी हे पाहा हो.

काळी_माती_यवतमाळ:
फार मोलाचं. तपासायची सोपी रीत, गूगलवर साईट हा इंग्रजी शब्द रोमनमध्ये लिहून कोलन द्यायचा आणि त्याला चिकटून आपलं डोमेन टाकायचं. एकही पान आलं नाही तर प्रश्न क्रमाचा नाहीच, दारच बंद आहे. आणि सर्च कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शन म्हणून आहे, तिथं लाईव्ह टेस्ट केली की गूगलला आपलं पान कसं दिसतं त्याचा फोटो आणि एचटीएमएल दोन्ही मिळतात. तुमच्या कलमांचा मजकूर त्या एचटीएमएलमध्ये सापडला तर कोणत्याही प्लॅटफॉर्मवर असा, बॉटपर्यंत पोहोचलाय. सापडला नाही तर गडबड आहे.

आणखी एक, डीटीपीवाल्याकडून मजकूर घेताना तो कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहे की युनिकोडमध्ये ते पाहा. कृतिदेवचा मजकूर स्क्रीनवर मराठी दिसला तरी आत इंग्रजी अक्षरांचा गिचमिड असतो, गूगलला त्यात संत्रा हा शब्दच सापडत नाही. आणि पॅम्प्लेटचा फोटो टाकून त्यालाच वेबसाईट म्हणू नका, भाव, जाती, पत्ता सगळं टाईप केलेलं पाहिजे.

कलमवाला_वरुड:
आमचं सारं पॅम्प्लेट कृतिदेवमधीच हाय, बरं झालं सांगतलं, बदलून घेतो. आता माह्या धंद्याचं सांगा. गिऱ्हाईक अर्ध वरुड-मोर्शी-काटोल-नरखेडचं, अर्ध मध्य प्रदेशातलं. तिकडचे हिंदीत शोधतात. भाचा म्हणते गूगल ट्रान्सलेटचं बटन लावून देऊ.

काळी_माती_यवतमाळ:
बटन लावून हिंदी शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही. ते बटन पान उघडल्यावर माणसाच्या फोनमध्ये भाषांतर करतं, गूगलच्या साठ्यात तुमचं हिंदी पान तयारच होत नाही. हिंदीचं वेगळं पान, वेगळा पत्ता, नीट लिहिलेलं हिंदी, आणि दोन्ही पानांना एकमेकांची ओळख देणारी एचरेफलँगची खूण. इथं मात्र प्लॅटफॉर्मचा खरा फरक पडतो. वर्डप्रेसमध्ये पॉलीलँगसारखं प्लगिन हे करतं, विक्समध्ये बहुभाषेची सोय आतच आहे, ब्लॉगरमध्ये सरळ सोय नाही, जोडतोड करावी लागते. तुम्हाला दोन भाषा पाहिजेच असतील तर मी ब्लॉगर सुचवणार नाही.

मोर्शी_नेटवाला:
भाऊ, आणि नर्सरीसाठी नकाशातला डबा विसरू नका. "संत्रा नर्सरी" टाकलं का वरती नकाशा आणि तीन नावं येतात, ते बिझनेस प्रोफाईलवरून येते. गूगल स्वतःच सांगते का तिथं तीन गोष्टी चालतात, शोधलेल्या शब्दाशी मेळ, अंतर, आणि नाव किती माहीत आहे ते. वेबसाईट कशावर बनली याचा त्यात काही भाग नाही. प्रोफाईलवरचं नाव, फोन, पत्ता आणि साईटवरचं सगळं तंतोतंत सारखं ठेवा, अन गिऱ्हाईक कलमं घेऊन गेलं का त्याले रिव्ह्यू लिहायला सांगा, फोटोसकट.

संत्रानगरी_डिजिटल:
मान्य, नकाशाचं खरं आहे. पण लांबचा माणूस, समजा मराठवाड्यातला, नकाशात येत नाही, त्याच्यासाठी साधे निकालच. तिथं मजकूर लागणार आणि मजकूर वाढवायला वर्डप्रेस सोयीचं, एवढं तरी माना.

काळी_माती_यवतमाळ:
मानतो. मजकुराचंच बोलू. कलमवाला भाऊ, तुमच्याकडं कास्तकार फोनवर काय विचारतात ते एका कागदावर लिहून काढा. भारी काळ्या जमिनीत कोणता खुंट, पाणी धरणाऱ्या वावरात डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो का, डोळा किती उंचीवर बांधलेला पाहिजे, कलम ओळखायचं कसं, आंबिया बहार धरायचा का मृग बहार, वाहतुकीत कलमं सुकू नये म्हणून काय करायचं. एकेका प्रश्नाचं एकेक पान, शीर्षकात तोच प्रश्न, उत्तर तुमच्या अनुभवाचं, फोटो तुमच्या नर्सरीतला. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची शिफारस असेल तिथं तसं स्पष्ट लिहा. वरुड-मोर्शीतल्या माणसासारखं हे दुसरं कोणी लिहू शकत नाही, आणि मराठीत या प्रश्नांवर धड लिहिलेलं फार थोडं आहे. अशी आठ-दहा पानं तुम्ही कशावरही टाका, ती रिकाम्या सुंदर साईटच्या वर जातील.

कलमवाला_वरुड:
म्हणजे हे आमच्या खुंटावाणीच झालं, जंबेरी चांगला का रंगपूर हे जमीन पाहूनच ठरते. मंग माही जमीन पाहून सांगा. दोन भाषा पाह्यजे, भाचा पुण्याले नोकरीले हाय, घरी मी आन पोरगी, पोरगी बारावीत.

काळी_माती_यवतमाळ:
मग एकच प्रश्न उरला, दर महिन्याला अपडेट कोण करणार. वर्डप्रेस सोडून दिलं की प्लगिन जुनी होतात आणि साईट हॅक होते, हे फार होतं. जपानी कीवर्डचा हॅक म्हणून एक प्रकार आहे, गूगलनंच त्यावर मदतीचं पान लिहिलंय, तुमच्या डोमेनवर हजारो जपानी पानं तयार होतात आणि गूगलवर तुमच्या नावाखाली जपानी अक्षरं दिसतात. विदर्भातल्या एका कॉलेजच्या साईटचं असं झालेलं मी स्वतः साफ केलंय, पानं निघाली पण गूगलवरची जागा परत यायला फार काळ गेला.

भाचा महिन्यातून एकदा लॉगिन करून अपडेट आणि बॅकअप करायला नक्की तयार असेल तर वर्डप्रेस, हलकी थीम, पेज बिल्डर नाही, पाच-सहाच प्लगिन. तो तयार नसेल तर विक्सचा पेड प्लॅन आणि स्वतःचं डोमेन. खर्च दरवर्षीचा आहे, तो आधी विचारून घ्या, पहिल्या वर्षाचा भाव आणि नूतनीकरणाचा भाव वेगळा असतो. कलमं ऑनलाईन विकून कुरिअर करायची नाहीत ना? तसं असेल तर शॉपिफाय या ऑनलाईन दुकानाच्या प्लॅटफॉर्मबद्दल वेगळं बोलू, नाहीतर त्याची गरज नाही.

कलमवाला_वरुड:
नाही, कलमं इथूनच गाडीत भरून देतो. भाच्याशी आत्ताच बोललो, तो दर महिन्याले पाहीन म्हणते, पोरगीबी शिकून घेतो म्हणते. त वर्डप्रेस. डोमेन आज घेतो, डॉट इन चालन ना?

काळी_माती_यवतमाळ:
चालेल, भारतातल्या गिऱ्हाइकासाठी चांगलंच. डोमेन तुमच्या स्वतःच्या मेल आयडीवर आणि तुमच्या मोबाईल नंबरवर घ्या, डिझायनरच्या नको. नूतनीकरण आपोआप होईल असं चालू ठेवा. साईट उभी झाली की सर्च कन्सोल जोडा, साईटमॅप टाका, आणि बिझनेस प्रोफाईलमध्ये जुना बंद पत्ता असेल तिथं हा नवा टाका.

कलमवाला_वरुड:
पह्यलं पान खुंटाचंच लिहितो, मराठीत मी आन हिंदीत पोरगी. लिहून झालं का इथंच टाकतो, मोर्शीवाल्या भाऊनं जरा वावरातून उघडून सांगावं किती वेळ लागते ते.

मोर्शी_नेटवाला:
टाका. माझ्याकडं दुकानात दोन जुने फोन आहेत, दोन्हीवर उघडून सांगतो.